आधी कंगवा, मग पाणी: इंदूरच्या हवेत कुत्र्याच्या केसांची निगा

अंगावर पाणी पडले, शाम्पूचा फेस झाला, टॉवेलने पुसले, की कुत्र्याची निगा झाली असे बहुतेक घरांत धरून चालतात. पण केसांत गुंता असताना पाणी पडले तर तो गुंता आवळतो. वाळताना केस एकमेकांत आणखी रुततात आणि त्याची जट होते. म्हणून कामाचा क्रम ठरलेला आहे: कोरड्या केसांत कंगवा, मग आंघोळ, मग कातडीपर्यंत वाळवणे आणि सगळ्यात शेवटी मशीन-कात्री. शिह त्झूच्या पूर्ण ग्रूमिंगला चांगल्या सलूनमध्ये दोन-अडीच तास लागतात. त्यातला मोठा वाटा विंचरण्यात आणि वाळवण्यात जातो, कापण्यात नाही. घरी हीच दोन कामे नीट केली तर सलूनवाल्याला कापायला चांगले केस मिळतात आणि कुत्र्याचेही हाल होत नाहीत.

केस कोणत्या जातीचे आहेत ते आधी पाहा

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की आणि आपल्याकडे सरसकट पॉमेरेनियन म्हटला जाणारा पांढरा स्पिट्झ यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस राठ, पाणी झटकून टाकणारे. त्याखाली कापसासारखा मऊ थर असतो, त्याला अंडरकोट म्हणतात. हा थर ऋतू बदलताना भराभर गळतो. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचे केस माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात. ते घरभर गळत नाहीत, पण गळलेला केस बाहेर न पडता शेजारच्या केसांत अडकतो, म्हणून जटा यांच्यातच जास्त. देशी कुत्री, डॉबरमन, बॉक्सर यांचे केस आखूड आणि अंगाला चिकटलेले. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा पाच मिनिटे रबरी ब्रश फिरवला तरी भागते. पग आखूड केसांचा असला तरी भरपूर गळतो, त्याला दोन-तीनदा ब्रश हवा.

दुहेरी थराच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा विंचरा. गळतीच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पावसाळा सरता-सरता, रोज. लांब केस राखलेल्या शिह त्झूला रोज, आखूड कापलेल्याला एक दिवसाआड.

हत्यारे थोडीच लागतात. बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला स्टीलचा कंगवा, दुहेरी थरासाठी लांब दातांचा अंडरकोट रेक आणि आखूड केसांसाठी रबरी ब्रश. एकच वस्तू घ्यायची असेल तर स्टीलचा कंगवा घ्या. ब्रश वरच्यावर फिरून केस सुंदर दाखवतो आणि आतला गुंता झाकून ठेवतो. कंगवा मात्र जिथे गुंता असेल तिथे अडतोच. लांब केसांत पाते असलेली डीशेडिंगची हत्यारे टाळा. जोर लागला की ती वरचे चांगले केसही कापतात.

थर उलगडत विंचरणे

कुत्र्याला खाली निसरणार नाही अशा जागी, रबरी मॅटवर उभे करा किंवा कुशीवर झोपवा. अगदी कोरड्या केसांत ब्रश घातला तर केस तुटतात, म्हणून स्प्रेच्या बाटलीत दहा भाग पाण्यात एक भाग कुत्र्यांचा कंडिशनर मिसळून हलका फवारा मारा. केस भिजायला नकोत, दमट व्हावेत इतकाच.

सुरुवात पायाच्या तळापासून करा. डाव्या हाताने पायावरचे केस वर उचलून धरा, खालची एक बोटभर रुंदीची ओळ मोकळी सोडा आणि ती स्लिकरने मुळापासून टोकाकडे विंचरा. केसांत कातडीची रेघ दिसली पाहिजे. ती ओळ मोकळी झाली की डाव्या हातातून पुढची ओळ सोडा. असे पायावरून कुशीकडे, कुशीवरून पाठीकडे चढत जा. मनगट सैल ठेवा. स्लिकर एकाच जागी पाच-सहापेक्षा जास्त वेळा ओढला तर तारांनी कातडी सोलवटते, लाल होते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा तीच जागा चाटत बसतो. जोर किती आहे ते आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर ब्रश फिरवून बघा. आपल्याला टोचले तर त्यालाही टोचते.

एक भाग झाला की कंगव्याची विरळ बाजू कातडीपासून ओढा, मग दाट बाजू. दोन्ही अडखळल्याशिवाय निघाल्या तरच तो भाग झाला.

जटा होण्याच्या जागा ठरलेल्या असतात: कानामागे, काखेत, पट्ट्याखाली, जांघेत, शेपटीच्या मुळाशी, मागच्या मांडीवरच्या झालरीत आणि बोटांच्या मध्ये. घाईचा दिवस असेल तर पाठ सोडून द्या, पण या जागा सोडू नका. हार्नेस रोज घालत असाल तर काखेतली जट आठ दिवसांत होते, त्यामुळे घरात आल्यावर तो काढून ठेवावा.

जट निघाली तर

बोराएवढी किंवा त्याहून लहान असेल तर तिच्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, बोटांनी शक्य तेवढी फाडून मोकळी करा. मग जटेचे मूळ कातडीलगत डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसणार नाही. कंगव्याच्या शेवटच्या दोन-तीन दातांनी टोकाकडून आत, थोडे थोडे उकला. मुळापासून ओढायला गेलात तर कुत्रा ओरडेल आणि पुढच्या वेळी कंगवा पाहताच पलंगाखाली जाईल.

कातडीलगतच्या जटेला कात्री कधीही लावू नका. जट ओढली की तिच्याबरोबर कातडी तंबूसारखी वर येते, आणि कातडी कुठे संपली, केस कुठे सुरू झाले हे डोळ्यांना कळत नाही. घरच्या ग्रूमिंगमधल्या खोल जखमा बहुतेक अशाच होतात, आणि मग टाके घालावे लागतात. मोठी जट मशीनने, १० नंबरच्या (दीड मिलिमीटर केस ठेवणाऱ्या) ब्लेडने, कातडीला समांतर ठेवून खालून काढावी.

सगळ्या अंगावर नमद्यासारखा सलग थर झाला असेल तर तो वाचवण्याचा हट्ट सोडून द्यावा. तासन्‌तास ओढाताण करून केस वाचतात, पण कुत्रा माणसाच्या हाताला भितो. पूर्ण काढून टाका, आठ-दहा आठवड्यांत केसांचा छोटा नीटस कोट परत येतो. खालची कातडी लाल, पांढुरकी किंवा ओलसर निघाली तर पशुवैद्याला दाखवा. कानाच्या जटा काढल्यावर एक-दोन दिवस विशेष लक्ष ठेवा: दबलेल्या कानात रक्त एकदम वाहू लागते, कुत्रा डोके जोरात झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साचून ती फुग्यासारखी सुजू शकते.

उन्हाळ्यात "टक्कल करा" म्हणू नका

एप्रिलमध्ये इंदुरात पारा ४० अंशांकडे चढू लागला की जर्मन शेफर्ड, हस्की, स्पिट्झ यांना गरम होत असेल म्हणून मशीन फिरवून आणले जाते. भावना प्रेमाचीच असते, पण त्याने नुकसान होते. कुत्रा अंगातून घाम काढून थंड होत नाही, तो धापा टाकून थंड होतो. दुहेरी कोट उन्हाची झळ कातडीपर्यंत पोचू देत नाही, अट एकच: आतला मेलेला अंडरकोट काढलेला असला पाहिजे, म्हणजे केसांतून हवा खेळते. कोट कातडीपर्यंत कापला तर ऊन सरळ अंगावर येते. पुढे अंडरकोट आधी वाढतो, राठ केस मागे राहतात, कोट लोकरीसारखा, ठिगळे लावल्यासारखा येतो, आणि काही कुत्र्यांत ती जागा वर्षभर किंवा त्याहून जास्त उघडी राहते.

म्हणून मार्चमध्ये दोन-तीन आठवडे रेक आणि ब्लोअरने (जोराचा वारा सोडणाऱ्या यंत्राने) अंडरकोट काढून टाका. पोटाखालचे आणि मागचे घाणीचे केस थोडे आखूड करा. फिरायला नेण्याची वेळ बदला. माळव्याची रात्र थंड म्हणून प्रसिद्ध आहे, तिचा फायदा घ्या: सकाळी सहाच्या आधी किंवा रात्री नऊनंतर बाहेर काढा. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस मात्र ६ ते ९ मिलिमीटर ठेवून कापायला हरकत नाही. त्यांच्या केसांचा स्वभावच वेगळा.

आंघोळ: पाणी, शाम्पू आणि धुऊन काढणे

दुहेरी कोटाला ३-४ आठवड्यांनी, लांब केसांना २-३ आठवड्यांनी, देशी कुत्र्याला दीड-दोन महिन्यांनी आंघोळ पुरते. कुत्र्याच्या कातडीचा वरचा पापुद्रा माणसापेक्षा पातळ असतो आणि तिचा पीएच (आम्लतेचे माप) ७ च्या आसपास, तर आपल्या कातडीचा साडेपाचच्या आसपास. त्यामुळे माणसांचा शाम्पू, लहान बाळांचाही, नेहमीसाठी चालत नाही. कपड्यांचा साबण, डेटॉल, फिनाईल यांतले काहीच अंगाला लावू नये.

आपल्याकडे पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी ज्या घरात पुरते तिथे फेस होतो आणि निघूनही जातो. बोअरिंगच्या जड पाण्यात फेस होत नाही, म्हणून माणूस आणखी शाम्पू ओततो, तो निघत नाही, आणि वाळल्यावर केस चिकट, कातडीवर पांढरी पूड आणि खाज. उपाय सोपा आहे: शाम्पू आधी बाटलीत पातळ करा आणि शेवटचे पाणी तरी नर्मदेचे ठेवा.

लॅब्राडोरसाठी ५० मिली शाम्पू अर्धा लिटर पाण्यात हलवून घ्या (बाटलीवर वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळा). पाणी कोमट, हाताला जेमतेम ऊन लागेल इतके, साधारण ३७ अंश. उन्हाळ्यात त्याहून थोडे गार चालेल, बर्फाचे नको. कानात कापसाचा सैल बोळा ठेवा आणि आंघोळीनंतर तो काढायला विसरू नका. आधी अंग कातडीपर्यंत भिजवा. दुहेरी कोटाला त्यासाठीच तीन-चार मिनिटे लागतात, कारण वरचे राठ केस पाणी आत जाऊ देत नाहीत. शाम्पू मानेपासून मागे, केसांच्या दिशेने चोळा. लांब केसांत गोल गोल चोळले की नवे गुंते होतात. तोंड शेवटी, ओल्या फडक्याने. पहिला हात मळ सोडवतो, दुसरा हात अंग स्वच्छ करतो, त्यामुळे दोनदा लावा. डॉक्टरांनी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू असेल तर तो १० मिनिटे अंगावर राहू द्या, घड्याळ लावून. लगेच धुतला तर औषध वाया जाते.

धुऊन काढायला चोळण्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. काख, जांघ, छातीचा खालचा भाग आणि बोटांच्या मध्ये शाम्पू राहतोच. मोरीच्या तोंडाशी जाळी ठेवा, अंडरकोटचा गोळा नळीत बसला तर प्लंबर बोलवावा लागतो.

वाळवणे

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा. लॅब्राडोरला दोन-तीन टॉवेल लागतात. त्यानंतर ब्लोअर. सलूनमधला जोराचा ब्लोअर उष्णतेने नाही, वाऱ्याच्या जोराने पाणी उडवतो आणि मेलेला अंडरकोटही बाहेर काढतो. घरचा हेअर ड्रायर वापरत असाल तर थंड किंवा सर्वांत कमी गरम ठेवा, अंगापासून वीतभर लांब, आणि हात सतत हलता. मागच्या पायांपासून सुरू करून पुढे या. तोंडावर आणि कानात वारा सोडू नका. शिह त्झू-पूडलला एका हातात ड्रायर, दुसऱ्यात स्लिकर घेऊन, केस ताणत वाळवा. आपोआप वाळू दिले तर केस आखडून कुरळे होतात आणि नंतर कात्री सरळ चालत नाही.

वाळले की नाही हे वरून हात फिरवून कळत नाही. बोटे कातडीपर्यंत घाला, मांडीच्या मागे आणि मानेखाली. तिथे गार लागले तर आत ओल आहे.

बंद पिंजऱ्यात गरम हवा सोडून वाळवणे धोक्याचे आहे. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा त्यात जीव जाऊ शकतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९.२ अंश असते. धाप थांबत नाही, हिरड्या गडद लाल, घट्ट लाळ, पाय लटपटतात असे दिसले की काम तिथेच थांबवा, अंगावर साधे पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा.

पावसाळा

जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अंडरकोटमध्ये ओल राहिली की एका रात्रीत लाल, ओलसर, केस चिकटलेला चट्टा उठतो. त्याला हॉट स्पॉट म्हणतात. त्यावर टाल्कम पावडर किंवा घट्ट मलम लावले तर खाली पू साचतो. भोवतीचे केस निरोगी कातडी दिसेपर्यंत मशीनने काढा, हवा लागू द्या, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला आणि डॉक्टरांना दाखवा. आंघोळ घातलेल्या कुत्र्याला दोन दिवसांत शिळकट, आंबूस वास आला तर ते बहुधा यीस्टचे काम असते. पुन्हा पुन्हा आंघोळ घालून तो जात नाही. कातडीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून औषध ठरवावे लागते.

माळव्याची काळी माती चिखल असताना पुसू नका, ती केसांत आत शिरते. पाय पाण्यात बुडवून धुवा, किंवा माती वाळू द्या आणि मग विंचरून पाडा. बोटांच्या मध्ये मात्र रोज पुसून कोरडे करा.

गोचिडी कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांत आणि शेपटीखाली शोधा. बारीक चिमट्याने कातडीलगत तोंडाशी धरून सरळ वर ओढा. पिरगाळू नका, रॉकेल लावू नका, बोटांनी चिरडू नका. गोचिडीतून एर्लिकियासारखा रक्ताचा आजार होतो, त्यामुळे कुत्रा सुस्त झाला, नाकातून रक्त आले तर थांबू नये. पाठीवर थेंब सोडायचे औषध वापरत असाल तर दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नको. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले औषध आणूच नका, मांजराच्या जिवावर बेतते.

पाऊस संपला की रिकाम्या प्लॉटमधले गवत वाळते आणि कुसळे सुटतात. कुसळ बोटांतून, कानातून आत शिरते आणि पुढेच सरकते, मागे येत नाही. फिरून आल्यावर पंजे उघडून पाहा.

मशीन, नखे, कान

१० नंबरच्या ब्लेडने दीड मिलिमीटर केस राहतात, ७ एफने सुमारे ३, ५ एफने ६, ४ एफने ९. घरी १० पेक्षा बारीक (३०, ४०) ब्लेड ठेवूच नये. स्वच्छ, वाळलेल्या केसांवर, केसांच्या दिशेने, ब्लेड सपाट ठेवून चालवा. काखेची आणि मांडीपुढची कातडीची घडी, कानाची कड आणि स्तनाग्रे (नरालाही असतात) येथे कातडी बोटांनी ताणून धरा. ब्लेड तापते, दर पाच मिनिटांनी मनगटाच्या आत लावून पाहा. चटका लागला तर बदला किंवा थांबा. दर वापरापूर्वी तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात.

नखे तीन-चार आठवड्यांनी, एका वेळी एक-दोन मिलिमीटर. काळ्या नखात कापलेल्या तोंडावर मध्यभागी गडद ओलसर ठिपका दिसला की थांबा, त्यापुढे रक्तवाहिनी. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून दोन-तीन मिनिटे धरा. अंगठ्याचे नख जमिनीला लागत नाही, ते वळून मांसात घुसते, ते आवर्जून पाहा.

कानात तेल सोडू नका, काडीवाला कापूस खोल घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी काटकोनात वळते, काडी मळ आतच ढकलते. कानाचे औषधी द्रव भरून मुळाशी वीस-तीस सेकंद चोळा, त्याला झटकू द्या, बाहेर आलेले पुसून घ्या.

रंगपंचमी

राजवाड्याच्या गेरेच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या, दिवशी कुत्र्याला घरातच ठेवावे. तरीही रंग लागला तर आधी पाणी नको, कोरडा रंग कोरड्याच ब्रशने झटका, चाटू देऊ नका. उरलेल्या डागावर थोडे खोबरेल तेल चोळून दहा मिनिटांनी शाम्पूने धुवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर वापरू नका. फिका डाग राहिला तर राहू द्या, केसांबरोबर निघून जाईल.

सलूनमध्ये

"थोडे बारीक करा" म्हणून सोडून येऊ नका. अंगावर किती मिलिमीटर, कान आणि शेपटी किती, तोंड गोल की लांब, हे बोलून घ्या. वाळवतात कसे ते विचारा. टेबलावर गळ्यात फास असताना कुत्र्याला एकटे सोडून माणूस निघून जातो का, पाहा: खाली उडी मारली तर तो फासच गळफास होतो. दोन कुत्र्यांमध्ये ब्रश-ब्लेड निर्जंतुक होतात का, हेही विचारा. बुरशीचे नायटे मशीनवरून पसरतात आणि घरातल्या मुलांनाही होतात. शांत करण्याचे इंजेक्शन सलूनमध्ये देतात असे कळले तर तिथून निघा, ते फक्त पशुवैद्याचे काम. आणि आपल्या बाजूने रेबीजच्या लसीची नोंद सोबत न्या, कुठे गाठ, चामखीळ किंवा दुखणारा सांधा असेल तर तो बोट ठेवून दाखवा.

घरी आणल्यावर काख, जांघ आणि कानाची कड उजेडात तपासा. ब्लेडचा भाजलेला चट्टा पहिल्या तासात फक्त गुलाबी दिसतो, खाज आणि खपली दुसऱ्या दिवशी येते. तोवर फोटो काढून ठेवा आणि कोन घालून चाटणे थांबवा.